जळगावात नवे आहात? रोषणाई बघायला कधी आणि कसं निघायचं

भाऊबीज झाली की ऑफिसात कुणीतरी नवा माणूस हमखास कुरकुरतो. "काल रात्री पोरांना घेऊन सराफ बाजारात गेलो, म्हटलं दिवाळीची रोषणाई दाखवू. तर अर्ध्याहून जास्त शटरं खाली, माळा बंद, रस्त्यावर नुसता फटाक्यांचा कागद!" त्याची चूक नसते. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की जळगावात दिवे एका जागी थांबत नाहीत. धनत्रयोदशीपर्यंत ते बाजारात असतात. लक्ष्मीपूजनाला गल्लीबोळांत शिरतात. आणि पाडव्यापासून जुन्या गावात रामाच्या वहनामागे, म्हणजे देवाच्या रोजच्या मिरवणुकीमागे, चालायला लागतात, ते थेट कार्तिकी एकादशीच्या रथापर्यंत. म्हणजे आज दिवे कुठे आहेत हे आधी कळलं पाहिजे, मगच चपला घालायच्या.

दरवर्षी तोंडी सांगून थकलो, म्हणून यंदा लिहूनच काढतो. बदलीवर आलेले, विद्यापीठात शिकायला आलेले, लग्न होऊन आलेल्या, सगळ्यांसाठी.

पहिलं काम: कॅलेंडरवर चार खुणा करा

इंग्रजी तारखा पाठ करून उपयोग नाही, दिवाळी दरवर्षी मागेपुढे होते. भिंतीवरच्या कॅलेंडरात चार संध्याकाळी शोधा आणि पेनाने गोल करा: धनत्रयोदशीच्या आदली, लक्ष्मीपूजनाची, पाडवा ते एकादशी यांच्या मधली कुठलीही एक, आणि कार्तिकी एकादशीची. दोनच जमणार असतील तर पहिली आणि शेवटची धरा.

धनत्रयोदशीच्या "आदली" का? कारण धनत्रयोदशीला अख्खा जिल्हा सोनं घ्यायला जळगावात उतरतो. या शहराला सुवर्णनगरी म्हणतात ते उगाच नाही. कापसाचे पहिले पैसे हातात आलेले असतात, पोरीचं लग्न तुळशीनंतर ठरलेलं असतं, आणि माणसं चोपडा, यावल, एरंडोलहून गाड्या करून येतात. त्या संध्याकाळी सराफ बाजारात तुम्हाला दिवे दिसणार नाहीत, समोरच्याचा खांदा दिसेल. आदल्या दिवशी मात्र माळा सगळ्या लागलेल्या असतात आणि पाय टाकायला जागाही असते.

आता वेळ. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे सूर्य पावणेसहा ते सहा-पाचच्या दरम्यान मावळतो. दिवाळी ऑक्टोबरात लवकर आली तर जरा उशिरा, नोव्हेंबरात गेली तर लवकर. मावळल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं सोन्याची. आभाळ अजून निळं असतं, खाली दिवे लागलेले असतात, दोन्ही एकत्र दिसतात. सातनंतर आभाळ काळं ठिक्कर होतं आणि सगळी शोभा नुसत्या दिव्यांवर येऊन पडते. बहुतेक लोक जेवून साडेआठला निघतात. तेव्हा उजेड असतो, पण त्यात धूरही असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीच्या फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली. आमच्या गल्लीत ती काटेकोर पाळतात असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण खरा भडिमार आठनंतरच सुरू होतो. स्वच्छ हवेत दिवे बघायचे तर सहाला घराबाहेर पाहिजे.

दुसरं काम: गाडी बाजारात नेऊ नका

हा परिच्छेद वाचून सगळे मान डोलावतात आणि गाडी घेऊनच जातात. मी स्वतः एका वर्षी शहाणपणा केला. "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणून स्कूटर दाणा बाजारात एका दुकानासमोर लावली. परत आलो तर तिच्यापुढे सहा मोटारसायकली, एक हातगाडी आणि केळीच्या खांबांचा ढीग. अकराला बाहेर निघालो. घरी फराळाची ताटं झाकून ठेवलेली होती आणि सौंची नजर उघडी.

सोपा उपाय सांगतो. गाडी स्टेशनच्या बाजूला कुठे अधिकृत पार्किंग मिळेल तिथे ठेवा, किंवा सरळ रिक्षाने या. स्टेशनपासून नेहरू चौक आणि पुढे टॉवर चौक अगदी पायाखालचं अंतर आहे. भुसावळ, पाचोरा, अमळनेरहून येत असाल तर रेल्वेसारखं सुख नाही. उतरलात की रोषणाई सुरू.

पायात बंदाचे बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल. नुसती स्लिपर गर्दीत हरवते, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री रस्त्यावर अर्धवट जळालेल्या फुलबाज्यांच्या तारा पडलेल्या असतात, त्या फार वाईट चावतात. पोरांना सुती कपडे. लहान मुलाच्या खिशात तुमचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला. हे मी पोरं हरवतात म्हणून नाही सांगत, आईबापच हरवतात.

तिसरं: बाजाराचा फेरा

टॉवर चौकातून सुरुवात करा. घड्याळाचा टॉवर पाठीशी घेऊन दोन मिनिटं नुसते उभे राहा. पहिल्यांदा आलेला माणूस लगेच मोबाइल काढतो, आणि जे बघायचं ते राहून जातं. दुकानांच्या पाट्या, त्यांच्यावरून सोडलेल्या माळा, आणि खाली हातगाड्यांवरच्या पणत्यांचे ढीग, हे तीन थर आहेत. माझा आवडता खालचा.

तिथून महात्मा फुले मार्केटच्या आसपास फिरा. रांगोळीचे रंग, आकाशकंदील, लक्ष्मीच्या मूर्ती, केरसुण्या, लाह्या-बत्तासे, सगळं इथंच. आकाशकंदील घ्यायचा असेल तर दुकानात लावलेला पेटता कंदील बघून भुलू नका. "भाऊ, बिनलाइटचा दाखवा" म्हणा. कागदाचा असेल तर जोड बघा, कापडी असेल तर आतली तार गंजकी आहे का बघा. भाव सांगेल त्याच्यापुढे थोडं हसून गप्प राहायचं. इथे घासाघीस मोठ्या आवाजात होत नाही, गप्प राहून होते.

विजेच्या माळा, होल्डर, टायमर असलं काही हवं असेल तर गोलाणी मार्केट जवळ आहे. पण तिथे शिरलात की तास गेला म्हणून समजा. आज दिवे बघायला आलोय हे लक्षात ठेवा.

मग सुभाष चौकाकडे वळा आणि सराफ बाजारात शिरा. इथली रोषणाई टॉवर चौकासारखी भडक नाही. रस्ता अरुंद, दोन्हीकडे पेढ्या, काचेतून येणारा पिवळा उजेड सोन्यावरून परतून रस्त्यावर पडतो. माझ्या मते जळगावातला सगळ्यात सुंदर उजेड हाच, आणि तो कुणी दिवाळीसाठी मुद्दाम लावलेला नाही. सोनं पिवळ्या दिव्यात खुलतं हे सराफाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बाहेरच्या माळा दिवाळी संपली की उतरतात, हा उजेड बाराही महिने राहतो.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी याच बाजारात पेढ्यांवर वहीपूजन चालू असतं. तेव्हा जायला हरकत नाही, पण गिऱ्हाईक म्हणून नाही. दुकानात पूजा चालू असेल तर उंबऱ्याबाहेरूनच बघा. बोलावलं तर आत जा, प्रसाद घ्या आणि निघा. त्यानंतर भाऊबीजेला बाजार झोपतो. आमच्या ऑफिसातला तो नवा माणूस नेमका तेव्हा जातो.

चौथं: मोबाइलने फोटो काढायचेच असतील तर

काढा. पण दहा चांगले काढा, दोनशे सारखे नको.

सगळ्यात आधी काच पुसा. हसू नका. दिवाळीत आपली बोटं चकलीच्या तेलाची असतात, आणि दिव्यांच्या फोटोत जो पांढरा फराटा येतो तो निम्म्या वेळा लेन्सवरच्या तेलाचा असतो. शर्टाच्या आतल्या बाजूने पुसलं तरी चालतं.

मग स्क्रीनवर सगळ्यात उजळ दिव्यावर बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथे लॉक होतो आणि शेजारी सूर्याची खूण येते. ती खाली ओढा, दिव्यांचे रंग परत दिसेपर्यंत. मोबाइलला अंधार दिसला की तो सगळं उजळ करायला बघतो, आणि लाल-हिरवी माळ पांढरीफटक होते. थोडा काळोख राहू द्या. दिवाळीच्या फोटोत काळोख नसेल तर दिवे कुठे दिसणार?

नाइट मोड वापरताना हात दोन-तीन सेकंद हलता कामा नये. ट्रायपॉड नसला तर उभ्या मोटारसायकलच्या सीटवर, भिंतीच्या कडेवर, विजेच्या खांबाला टेकवून धरा. (खांबाला टेकवायच्या आधी त्याला कुणी उघड्या वायरने माळ जोडलेली नाही ना, हे बघा. खरंच बघा.) झूम करू नका, चार पावलं पुढे जा.

आता एक गंमत, जी नव्याला कुणी सांगत नाही. व्हिडिओ काढताना माळांवर काळे पट्टे वरखाली सरकताना दिसतात. फोन बिघडलेला नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची. स्वस्तातल्या एलईडी माळा त्या विजेच्या तालावर सेकंदाला ५० किंवा १०० वेळा उघडमीट करतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोनमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/५० वर ठेवा, पट्टे जातात. प्रो मोड नसेल तर सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर कुठे आहे ते शोधा आणि ५० हर्ट्झ निवडा.

धावत्या गाड्यांच्या लाल रेघा ओढलेला फोटो हवा असेल तर त्याला ट्रायपॉड पाहिजेच. आयएसओ (कॅमेरा उजेड किती टिपतो त्याचं माप) १००, शटर चार ते आठ सेकंद, आणि उभं राहायला रस्त्याच्या मधोमध नाही अशी जागा. शिवाजीनगरच्या उड्डाणपुलावर लोक त्यासाठी कठड्याला चिकटून उभे राहतात. मी सांगेन, नको. मागून येणाऱ्या डंपरला तुमच्या कलेशी देणंघेणं नसतं.

शांतपणे सराव करायचा असेल तर मेहरूण तलावावर जा. काठावरच्या दिव्यांची प्रतिबिंबं, फिरायला रस्ता, गर्दी बेताची. दिवाळीची अमावस्या असल्याने आभाळात चंद्र नसतो, पाणी पुरतं काळं असतं, आणि वारा पडला की एकेक दिवा पाण्यात सरळ रेघ ओढून उभा राहतो.

माणसांचे फोटो काढताना विचारा. पणत्या विकायला बसलेल्या मावशींपुढे मोबाइल धरून नुसतं क्लिक करून निघून जाऊ नका. एक डझन पणत्या घ्या, मग विचारा. त्या नाही म्हणत नाहीत, फक्त पदर नीट करून घेतात.

पाचवं: गल्ल्या

लक्ष्मीपूजनाची रात्र गल्लीची. रिंग रोड, काव्यरत्नावली चौक (हे नाव एकेकाळी जळगावातून निघणाऱ्या कवितेच्या मासिकाचं, शहराबद्दल एवढं एक तरी माहीत असू द्या) या बाजूला बंगले आणि अपार्टमेंट. तिथली रोषणाई वरून खाली सोडलेली, एकसारखी, एका कंत्राटदाराने लावल्यासारखी. बघायला छान, पण पाच मिनिटांत बघून होते. जुन्या जळगावातल्या गल्ल्यांना वेळ द्या. तिथे ओट्यावर पणत्या असतात, रांगोळी रस्त्यापर्यंत येते, आणि दार उघडं असतं. कुणीतरी विचारणारच, "कुठून आले भो तुम्ही?" सांगा. मग फराळाची ताटली येते. नको म्हणू नका, थोडं उचला. खान्देशातल्या घरची तिखट शेव एकदा खाल्ली की पाकिटातली घशाखाली उतरत नाही.

एक इशारा. भरीत मागू नका. बाहेरच्या माणसाला वाटतं खान्देशात आलो की भरीत. पण बऱ्याच घरांत चातुर्मासात वांगं वर्ज्य असतं, चंपाषष्ठी झाल्यावर ते ताटात येतं. दिवाळीत हॉटेलात मिळेल, पण जुन्या घरातल्या आजीसमोर त्याचं नाव काढलंत तर त्या तुम्हाला एकादशीचं महत्त्व सांगायला बसतील.

स्वतःच्या गॅलरीत माळ लावणार असाल तर थोडक्यात: एलईडी माळ दहा वॅटची धरली आणि रोज सहा तास, दहा दिवस लावली, तर सगळी मिळून ०.६ युनिट वीज जाते. बिलाची भीती बाळगून ती आठला बंद करू नका. पूर्वीच्या झिरोच्या बल्बची गोष्ट वेगळी. नावाला झिरो, खायचा पंधरा वॅट. तसे चाळीस लावले की एका रात्रीत साडेतीन युनिटांच्या वर. भीती बिलाची नाही, वायरची बाळगा. दोन वायरी पिळून त्यावर चिकटपट्टी, आणि तो जोड लोखंडी ग्रिलला बांधलेला, असं दर तिसऱ्या गॅलरीत दिसतं. जोड ग्रिलपासून लांब, घराच्या आत. मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळाली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर दिवाळीआधी वायरमनला बोलवा. ऐन दिवाळीत तो येत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

सहावं: वहन आणि रथ, म्हणजे खरी गोष्ट

इथपर्यंतचं सगळं थोड्याफार फरकाने इतर शहरांतही मिळेल. हे नाही.

जुन्या जळगावातल्या श्रीराम मंदिराचा रथोत्सव अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केला. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून, म्हणजे पाडव्यापासून, रोज संध्याकाळी रामाचं वहन निघतं. आज घोडा, उद्या हत्ती, मग सिंह, गरुड, मारुती अशी एकेक वहनं. आरती होते, भजन होतं, आणि वहन गल्ल्यागल्ल्यांतून फिरतं. ज्या घरावरून जाणार त्या घराने दिवे लावलेले असतात. बाजारातल्या माळा बंद झालेल्या असतात आणि इथे अंधाऱ्या गल्लीतून एक उजळलेला ठिपका पुढे सरकत असतो. नव्या माणसाने रथाच्या आधी एक तरी वहन बघावं. गर्दी कमी असते, जवळ जाता येतं, म्हाताऱ्यांना प्रश्न विचारता येतात, आणि गल्ल्यांची ओळख होते. एकादशीला ती ओळख कामाला येते.

एकादशीला रथ दुपारी निघतो. लाकडी रथ, झेंडूच्या माळा, केळीचे खांब, दोर ओढणारे शेकडो हात. दुपारी जाऊन "बघितला" म्हणणारे बरेच असतात. तुम्ही संध्याकाळी जा. दिवे लागल्यावर तोच रथ दुसरा वाटतो. रथ चौक, बोहरा गल्ली, सुभाष चौक, दाणा बाजार, शिवाजी रोड, घाणेकर चौक असा तो फिरतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास परत येतो. नेमका कुठे आहे हे विचारायला लाजू नका, पानटपरीवाल्याला मोबाइलपेक्षा जास्त माहीत असतं.

बघताना चाकांकडे बघा. रथाला स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही. चाकाखाली लाकडाची मोगरी सरकवून त्याला थांबवतात आणि त्याच मोगरीने वळवतात. सराफ बाजारासारख्या चिंचोळ्या जागी वरच्या माळा आणि खालची माणसं सांभाळत हे काम करायचं, चाकाच्या वीतभर अंतरावर वाकून. मोगरीवाल्यांच्या हाकेवर सगळं चालतं. म्हणून एक नियम पक्का: रथाच्या पुढे आणि चाकांच्या बाजूला फोटोसाठी जायचं नाही. दुकानाची पायरी पकडा, एखाद्या ओळखीच्याचा पहिला मजला मिळाला तर त्याहून बरं. ओळख नसेल तर वहनाच्या रात्री करून ठेवा. ते मी मघाशी उगाच नाही सांगितलं.

भिलपुऱ्यात रथ लालशा बाबा या मुस्लिम संतांच्या समाधीपाशी थांबतो आणि तिथे फुलांची चादर चढवली जाते. हा थांबा चुकवू नका. आजूबाजूच्या घरांच्या गच्च्या माणसांनी भरलेल्या असतात, आणि मिनिटभर दोर ढिले पडतात.

चंद्राचाही फायदा घ्या. अमावस्येच्या काळोखानंतर एकादशीला चंद्र पाऊणाहून मोठा झालेला असतो आणि रात्री आठ-नऊला डोक्यावर येतो. कळसाच्या वर चंद्र असा फोटो काढायचा तर तेव्हा रथाच्या जवळ उभं राहून मोबाइल जवळजवळ उभा आभाळाकडे धरावा लागतो, आणि जवळ जायचं नाही हे आत्ताच सांगितलं. त्यापेक्षा साडेदहा-अकरापर्यंत थांबा. चंद्र पश्चिमेला उतरायला लागतो, आणि लांबूनही दोघं एका चौकटीत येतात.

धुळ्याला पाहुणे असतील तर

तिकडची सुरुवात आपल्याआधी होते. धुळ्याच्या खोल गल्लीतल्या बालाजीचा रथ आश्विन शुद्ध एकादशीला, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. दिवाळीत तिथे आग्रा रोड आणि पाचकंदील हा भाग बघा, चौकाचं नावच दिव्याचं आहे. शिवाय जुन्या धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत, आणि इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखल्यामुळे त्या सरळ आहेत. एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकापर्यंतचे आकाशकंदील एका रांगेत दिसतात. जळगावच्या वळणदार बोळांत हे सुख नाही. जळगाव-धुळे अंतर नव्वदेक किलोमीटर. रात्री परतणार असाल तर मोटारसायकल नको. दिवसा घाम काढणारी आपली हवा दिवाळीनंतर रात्री अंगावर काटा आणते.

परतीचं

रथाच्या रात्री अकरानंतर सुभाष चौकात रिक्षा शोधू नका, मिळणार नाही. नेहरू चौकापर्यंत पायी या, स्टेशनकडे रिक्षाही असतात आणि चहाही. भूक लागली तर एकादशी आहे हे लक्षात ठेवा. बरोबर कुणी उपवासाचं असेल तर त्याच्यासाठी शेंगदाण्याची चिक्की किंवा केळी आधीच पिशवीत टाका, केळ्यांना आपल्याकडे तोटा नाही. गॅलरीतली माळ त्या रात्री काढायला घेऊ नका. उद्यापासून तुळशीची लग्नं आहेत, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ती तशीच राहू द्या. मग काढाल तेव्हा जाड पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवा. पिशवीत कोंबलेली माळ पुढच्या दिवाळीत सोडवायला एक अख्खी दुपार जाते.